इंजिन कशाने धुवायचे, हे मालकाने ठरवावे



लासलगावचे नाव कांद्यामुळे देशभर झाले. पण येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव या कोरडवाहू पट्ट्यातला शेतकरी लासलगावी येतो तो दर खेपेला कांदा घेऊनच येतो असे नाही. कपाशीची शेवटची वेचणी आटोपली, रब्बी ज्वारीचे खळे झाले, की त्याच्या घरी एक मोठे काम उरते. ते म्हणजे दुरुस्ती. ट्रॅक्टर निळा धूर सोडतो, ऑइल पितो, चढावर दम टाकतो. शेततळ्यावरचे डिझेल इंजिन हँडल मारून मारून हात दुखले तरी धरत नाही. मग चैत्र-वैशाखात इंजिन खोलायचे आणि मृगाच्या आत बांधून उभे करायचे. या दोन महिन्यांत बाजारपेठेच्या कोणत्याही गावी जा, गॅरेजापुढे पोट फाडलेले ट्रॅक्टर रांगेने उभे दिसतात.

इंजिन खोलले की घासाघीस सुरू होते. लायनर कोणत्या कंपनीचा? रिंगा असली की नकली? क्रँक घासायला द्यायचा की तसाच चालेल? मजुरी किती? हे सगळे प्रश्न शेतकरी बारकाईने विचारतो आणि विचारायलाच हवेत. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. सुटे झालेले भाग कशाने धुणार?

तो प्रश्न मेस्त्रीचा, असे समजून मालक चहाला निघून जातो. आमचे म्हणणे असे आहे की तो प्रश्न मालकाचा आहे. नव्या रिंगा एक हंगाम टिकणार की पाच, हे बऱ्याच अंशी धुण्यावर ठरते. अंगणातला कडबा आणि घरातला कापूस राहणार की जाणार, हेही त्यावरच ठरते. आणि परातीत हात घालून बसलेल्या पोराच्या अंगात काय भिनणार, हे तर नक्कीच त्यावर ठरते.

निळ्या रॉकेलने काय शिकवले

एक काळ असा होता की हा प्रश्न पडतच नव्हता. इंजिन धुवायचे म्हणजे रॉकेलने. खेडोपाडी प्रत्येक गॅरेजात रॉकेलची परात असे. रॉकेल मळी विरघळवते, पेट्रोलसारखे भडकन पेटत नाही, अंगाला लागले तरी लगेच भाजत नाही, आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे ते स्वस्त होते. स्वस्त का, तर सरकारने ते रेशनवर स्वस्त ठेवले होते म्हणून.

कायद्याने पाहिले तर १९९३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाप्रमाणे रेशनचे रॉकेल फक्त स्वयंपाक आणि दिवाबत्तीसाठी होते. ते ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालत. पण एकाच द्रवाचे दोन भाव ठेवले की तो द्रव स्वस्ताकडून महागाकडे वाहणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. गॅरेजातली परात ही त्या गळतीतली अगदी बारीक धार. मोठा लोंढा गेला तो डिझेलच्या टँकरमध्ये. राष्ट्रीय पातळीवरच्या एका आर्थिक संशोधन संस्थेने २००५ मध्ये अंदाज दिला की रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के गरिबाच्या चुलीपर्यंत पोचतच नाही. भेसळ पकडण्यासाठी २००६ मध्ये रॉकेलमध्ये खुणेचे खास रसायन घालण्याची योजना आली आणि ती दोन-अडीच वर्षांत गुंडाळली गेली.

भेसळीचे डिझेल आपल्याच टाक्यांत आले. डिझेल इंजिनाच्या पंपाला डिझेलचेच वंगण असते. रॉकेल त्याहून कोरडे. पंपाचे प्लंजर घासले, नोझल गळू लागले, आणि दुरुस्तीचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसला. गरिबाच्या नावाने दिलेली सवलत गरिबाला मिळाली नाही आणि शेतकऱ्याचे इंजिन मात्र खाऊन गेली.

या धंद्यात किती पैसा होता हे सांगायला आपल्या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेले असताना जिवंत जाळले गेले. लासलगावहून भुसावळकडे जाणारी गाडी ज्या मनमाडवरून जाते, तेच हे मनमाड.

पुढे २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवत नेला आणि मार्च २०२० मध्ये त्यावरची सवलत शून्यावर आली. निळा कॅन दिसेनासा झाला. आम्ही त्याबद्दल गळा काढणार नाही आणि इंजिन धुवायला पुन्हा स्वस्त रॉकेल द्या अशी मागणीही करणार नाही. पण रॉकेल गेल्यावर परातीत काय आले, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. बऱ्याच ठिकाणी पेट्रोल आले.

पेट्रोल परातीत नको

मेस्त्री पेट्रोल का घेतो, हे समजून घेतले पाहिजे. पेट्रोल मळी झटक्यात काढते, क्षणात उडून जाते, भाग कोरडा होतो, लगेच बसवता येतो. गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर उद्या सकाळी पाहिजे असतो. म्हणजे पेट्रोल मेस्त्रीच्या आळशीपणातून आलेले नाही, घाईतून आलेले आहे, आणि ती घाई गिऱ्हाइकाची असते.

आता त्या घाईची किंमत पाहू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटारात, शेडच्या कोपऱ्यात साचते. हवेत शंभरात दीड भाग वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. थंडीच्या दिवसांतही पेट्रोल ही वाफ सोडत असते. ठिणगी कोठून येते? शेजारी वेल्डिंग चालू असते, ग्राइंडर चालू असतो, बॅटरीच्या वायरीचा टोक लागतो, कोणी बिडी पेटवतो. परात एकीकडे आणि ठिणगी दहा-पंधरा हातांवर असली तरी वाफ मधले अंतर जोडून देते.

त्यात आपले घर कसे असते ते आठवा. इंजिन घरी खोलले तर ते अंगणात किंवा गोठ्याच्या पडवीत खोलले जाते. वैशाखात कडब्याची गंजी तिथेच असते. भाव चढेल या आशेने राखलेला कापूस पलीकडच्या खोलीत भरलेला असतो. कोरडवाहू माणसाची वर्षाची सगळी मिळकत आणि जनावरांचा वर्षाचा चारा एका परातीच्या टप्प्यात. कोणत्याही शहाण्या माणसाने ही पैज लावू नये.

रॉकेलबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रॉकेल सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते ते ३५ अंशांपेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे पस्तिशीच्या पुढे ते सुरक्षित राहील अशी हमी नाही. आपल्याकडे वैशाखात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. त्या दुपारी रॉकेलची परातही पेट्रोलच्या वळणावर जाते. रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन त्याच जातीचे. रंगाचा थिनर तर पेट्रोलचाच भाऊ. म्हणून रॉकेल किंवा टर्पेंटाइन वापरायचे असेल तर सकाळच्या गारव्यात, उघड्यावर, झाकणाच्या भांड्यात आणि लागेल तेवढेच. डिझेल त्या मानाने सावकाश पेटते. पण भाव लिटरला नव्वद रुपयांच्या घरात, आणि धुतलेल्या भागावर तेलकट थर राहतो, त्यावर आपल्या काळ्या रानाची धूळ बसते. पहिला मळ सोडवायला ते चालते. शेवटचे धुणे म्हणून चालत नाही.

पेट्रोलबद्दल आणखी एक. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. घासून पुसून चकचकीत केलेल्या पोलादाला ते हिताचे नाही.

कॉस्टिक आणि चुंबकाची परीक्षा

दुसरा जुना मार्ग म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात भाग टाकणे. बिडाच्या ब्लॉकला आणि बिडाच्या हेडला हा मार्ग चांगला लागू पडतो. वर्षानुवर्षांची काजळी, जुना रंग, जळके ऑइल सगळे सुटते. पेटण्याची भीती नाही, खर्चही फार नाही. पण कॉस्टिकला सगळे भाग सारखे नसतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो कॉस्टिकमध्ये पडला की फेस येतो आणि पिस्टन चक्क विरघळू लागतो. तो फेस म्हणजे हायड्रोजन वायू आणि तोही पेटणारा. चांगले पिस्टन रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवले तर सकाळी ते भंगारात घालायच्या लायकीचे निघतात.

यावर सोपी परीक्षा चुंबकाची. चुंबक चिकटले तर भाग लोखंडाचा, कॉस्टिक चालेल. नाही चिकटले तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा गनमेटल, कॉस्टिक नको. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. बेअरिंगच्या वाट्या पाठीकडून पोलादाच्या असतात, म्हणून चुंबक चिकटते. आतला मऊ थर वेगळ्या धातूचा असतो आणि तोच कॉस्टिकने जातो. म्हणून बेअरिंग, बुश आणि रबरी सील आधी काढून बाजूला ठेवायचे, मग बाकीचे कॉस्टिकमध्ये.

कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा. कॉस्टिकवर पाणी ओतू नये, ते उसळून अंगावर येते. भांडे लोखंडी ड्रमचे असावे. जस्ती बादली किंवा ॲल्युमिनियमचे पातेले घेतले तर कॉस्टिक आधी भांडेच खातो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे हवेत. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. तेवढ्यासाठी स्वच्छ पाण्याची बादली शेजारी भरून ठेवलेली असावी.

शेवटचा हात साबणाचा

आता जी गोष्ट सांगतो ती ऐकून पुष्कळ मेस्त्री हसतील. लायनर बसवण्याआधी किंवा बोअर होनिंग केल्यावर शेवटचे धुणे ना पेट्रोलचे, ना डिझेलचे. ते गरम पाणी आणि कपडे धुण्याच्या साबणाचे.

कारण असे. होनिंग केल्यावर बोअरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघा उमटतात. त्या रेघांत ऑइल थांबावे म्हणूनच त्या पाडतात. पण त्याच रेघांत होनिंगच्या दगडाची भुकटी आणि लोखंडाचा कीस रुतून बसतो. पेट्रोल किंवा रॉकेल ऑइल पातळ करून नेते आणि भुकटी तिथेच सोडते. वरून बोअर चकचकीत दिसतो. साबणाचे पाणी आणि कडक ब्रश ती भुकटी उचलून बाहेर काढतात. ती राहिली तर नव्या रिंगा दाण्यांवर फिरणाऱ्या जात्यासारख्या चालतात. एका हंगामात धूर परत येतो आणि शिव्या रिंगा बनवणाऱ्या कंपनीला बसतात.

परीक्षा कोणालाही करता येण्यासारखी आहे. पांढरे स्वच्छ फडके बोअरवरून फिरवा. काळे-करडे झाले तर पुन्हा धुवा. फडके पांढरेच राहिले की धुणे झाले. मग लगेच कोरडे करून ऑइलचा हात फिरवायचा. ओले बीड बघता बघता गंजते.

क्रँकमधली आणि ब्लॉकमधली ऑइलची छिद्रे हा दुसरा विसरलेला भाग. जुन्या बेअरिंगचा चुरा आणि क्रँक घासल्याची भुकटी त्या छिद्रांत दडते. बाहेरून कितीही धुतले तरी आतले निघत नाही. बुचे काढून, बारीक लांब ब्रश घालून, दोन्ही बाजूंनी धार मारून ती साफ झाली पाहिजेत. नाहीतर इंजिन पहिल्यांदा सुरू झाले की ऑइलच तो चुरा नव्या बेअरिंगमध्ये नेऊन ओतते.

फ्युएल पंप आणि नोझल यांची गोष्ट निराळी. त्यांचे काम स्वच्छ, गाळलेल्या डिझेलमध्येच व्हावे. पंपाचा प्लंजर आणि त्याचे बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. माणसाचा केस त्याच्या वीस-तीस पट जाड असतो. तिथे सुती बोळा फिरवणे हा गुन्हा समजावा. कापूस आपण पिकवतो, तरी सांगतो, त्याचा एक धागा नोझलचे भोक बुजवायला पुरेसा आहे.

परातीतले हात कोणाचे?

गॅरेजात भाग धुतो कोण? मेस्त्री नाही. त्याच्या हाताखालचा पोऱ्या. तो कोठून आलेला असतो? बहुतेक वेळा आपल्याच कोरडवाहू घरातून. दोन वर्षे ओळीने कपाशी गेली, शाळा सुटली, म्हणून काम शिकायला ठेवलेला. दिवसाचे आठ-दहा तास त्याचे हात कोपरापर्यंत परातीत असतात. त्याच हाताने तो भाकरी खातो.

पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते. बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात केव्हाच सिद्ध झालेली आहे. ते श्वासातून जाते आणि कातडीतूनही जाते. डब्यातून फवारायचे जे झटपट क्लीनर मिळतात तेही निर्धोक नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९९९-२००० च्या सुमारास हेक्झेन असलेले फवारे रोज वापरणाऱ्या गॅरेज कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला. तपासात नसा खराब झाल्याचे निघाले. ट्रायक्लोरोएथिलीन हे न पेटणारे म्हणून कारखान्यांत लाडके होते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला कर्करोग करणारे ठरवले. अशा क्लोरीनच्या द्रावणाने धुतलेला भाग ओला असतानाच वेल्डिंगला घेतला तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिक मारायला वापरलेला तो हाच वायू.

शेतकऱ्याच्या घामाला भाव नाही, असे आपण म्हणतो. मग शेतकऱ्याच्याच पोराच्या रक्ताला तरी भाव असावा. मोज्यांची एक जोडी आणि तोंड धुवायला साबणाची एक वडी, एवढी तरतूद मोठ्या दुरुस्तीच्या खर्चात जड होत नाही.

धुण्याचे पैसे मोजा

गॅरेजचे बिल काढून पाहा. लायनर इतके, रिंगा इतक्या, गास्किट इतके, मजुरी ठोक. धुण्याला बिलात ओळ नाही. ज्या कामाला दाम नाही ते काम कोणीही उरकूनच टाकणार. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या मालाचा उत्पादन खर्च भरून मिळावा असे आपण म्हणतो, तर मेस्त्रीच्या धुण्याचा खर्चही भरून दिला पाहिजे. एका माणसाची दिवस-दीड दिवसाची मजुरी धुण्यासाठी वेगळी धरा, आणि त्या बदल्यात पेट्रोल बंद, छिद्रे साफ आणि पांढऱ्या फडक्याची परीक्षा एवढे पदरात पाडून घ्या. दोनदा इंजिन खोलण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट घाणीची. धुतलेले काळे पाणी आणि रॉकेल विहिरीच्या बाजूला, नाल्यात ओतू नका. आपल्याकडचा काळा पाषाण भेगाळलेला आहे. वर ओतलेले तेल भेगांतून विहिरीत उतरते आणि मग पिण्याच्या पाण्याला वास येतो. वापरलेले रॉकेल झाकणाच्या ड्रममध्ये आठवडाभर स्थिर ठेवले तर गाळ तळाशी बसतो आणि वरचे पुन्हा पहिल्या धुण्याला चालते. जळके ऑइल वेगळे साठवून अधिकृत खरेदीदारालाच द्यावे. ते आणि वापरलेले रॉकेल डिझेलमध्ये मिसळून इंजिनाला पाजण्याची काटकसर कोणी करू नये. जो चुरा कष्टाने बाहेर काढला तोच पुन्हा आत जातो.

तिसरी गोष्ट सरकारकडे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक शिकवले जातात. पण गावोगावच्या गॅरेजांतले बहुतेक हात तिथे कधी गेलेले नाहीत. अवजारे बँकांसाठी अनुदाने वाटली जातात. त्याच पैशातून तालुक्याला एक धुण्याचा ओटा का होऊ नये? सिमेंटची फरशी, गरम पाण्याची टाकी, हवेचा कॉम्प्रेसर आणि घाण साठवायचा खड्डा. दर घ्या, फुकट नको. शेतकरी पैसे मोजेल. फुकटच्या आणि सवलतीच्या मालाचे काय होते हे निळ्या रॉकेलने दाखवून दिले आहे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर जिल्हा बैठकीहून परत गेल्यावर प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातले मेस्त्री आणि त्यांच्या हाताखालची पोरे यांना बोलावून एकदा हा विषय मांडावा. मेस्त्रीला शिकवायला जाऊ नये, त्याच्याकडूनही शिकावे. ज्याने शंभर इंजिने बांधली आहेत त्याला आपल्यापेक्षा पुष्कळ कळते. त्याला वेळ द्या आणि दाम द्या, मग तो पेट्रोलची परात स्वतःच उचलून ठेवील.

आणि पुढच्या खेपेला इंजिन खोलले की रिंगांचा भाव विचारण्याआधी हे विचारा : मेस्त्री, धुणार कशाने?